न दुखणारं ऑपरेशन

नाटक कंपनीचे कपडे सांभाळणाऱ्या मावशींचा दरारा असा, की राजा असो वा भिकारी, त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणी रंगमंचावर पाऊल टाकत नसे. छातीतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हाही बाई डगमगल्या नाहीत. गाळण उडाली ती ऑपरेशननंतरच्या दुखण्याच्या विचाराने. मागे पित्ताशय काढलं, तेव्हा शुद्धीवर येताच त्यांनी अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. त्याच धास्तीने यंदा दोनदा तारीख पुढे ढकलली. शेवटी धाकट्या जावेने त्यांना दंडाला धरूनच आणलं.

भूल देणारी डॉक्टर म्हणाली, "मावशी, पूर्ण भूल देऊच. पण हवं तर आधी पाठीत इंजेक्शन देऊन छातीच्या या बाजूच्या नसाही बधिर करते."

"झोपवणारच आहेस, तर बधिर कशाला?"

"झोप ऑपरेशनपुरती. खरं दुखणं जागं झाल्यावर. नसा बधिर असल्या की पहिला दिवस बराच सुसह्य जातो. पुढे महिनोन् महिने ठणकत राहायची शक्यताही कमी होऊ शकते. हमी मात्र देत नाही."

"दे बाई, दोन्ही दे. आणखी काही शिल्लक असेल तर तेही दे!"

"सासरी कधी एवढं मागितलं नाहीत, ताई," जाऊ पुटपुटली.

मावशी जाग्या झाल्या. चाचपून पाहिलं, तर छातीभर पट्टी. आणि दुखणं? नावाला नाही! मावशींचे डोळे बारीक झाले. नायकांच्या धडधाकट डोक्यांना त्यांनी जन्मभर अशाच पट्ट्या गुंडाळल्या होत्या. खोटी पट्टी त्या ओळखणार नाहीत तर कोण?

"अगं धाकटे, फसवलं आपल्याला! आत काही केलेलंच नाही. वरून नुसतं गुंडाळलंय."

"बाहेर बसून माझी कंबर मोडली, आणि म्हणे काही केलं नाही!"

"मग दुखत का नाही?" मावशींचा आवाज एकाएकी बारीक झाला. "पुन्हा आत जायचं बळ नाही गं माझ्यात."

डॉक्टर धावत आली. "गाठ काढली, मावशी. नसा अजून बधिर आहेत, म्हणून कळत नाही."

"काढली?"

"काढली."

मावशी रडल्या, तेही इतक्या मोकळ्या गळ्याने, की शेजारच्या खाटेवरची बाई डोळे पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी बधिरपणा ओसरू लागला. मावशींनी जावेचं मनगट गच्च आवळलं, डोळे मिटले आणि वाट पाहत राहिल्या.

"किती दुखतंय?" नर्सने विचारलं.

"आहे," मावशी हळूच एक डोळा उघडून म्हणाल्या. "पण एका जागी बसून आहे बिचारं. धिंगाणा नाही."

"गोळी देऊ?"

"दे. आणि हिलाही दे एक. मनगट पार पिळून काढलंय मी हिचं."