इनामगावचं पाणी

दम्याला कारण असतं, हे मला अकरावीत असताना शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तोवर आमच्या घरात दमा म्हणजे कामं टाळायची माझी युक्ती होती. बाईंनी दोन पंप दिले. एक रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा आणि चूळ भरायची, दुसरा फक्त धाप लागली की. शिवाय एक फुंकायची नळी दिली. रोज जोरात फुंकायचं, काटा कुठवर जातो ते वहीत लिहायचं आणि त्रास कशानं वाढतो ते शोधायचं. घरातल्या सगळ्यांनी मिळून शोधा, असं त्या आप्पांकडं बघून म्हणाल्या. तिथंच चुकलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. राहू गावच्या शिवारात आमचं गुऱ्हाळ, घरापासून हाकेच्या अंतरावर. एकदा काम हातात घेतलं की तडीस नेणारा माणूस. त्यांनी असा तपास केला की पोलिसांनी येऊन शिकावं. पहिला गेला कुत्रा. त्याची रवानगी तळेगाव ढमढेऱ्याला मामाकडं झाली. मग कापसाच्या गाद्या गेल्या. मग दारातला पारिजातक, पार बुंध्यापासून. उदबत्ती बंद, मिरचीची फोडणी परसात. आई म्हणाली, आता घरात मी तेवढी राहिले, मलाबी एकदा तपासून घ्या.

राहिलं होतं ते गुऱ्हाळाचं धुराडं. चुलवणात खरं तर उसाचं वाळकं चिपाड जाळायचं. पण ते वाळेपर्यंत धीर कुणाला? मग टेम्पो भरभरून जुने टायर यायचे. धूर असा काळाकुट्ट की दोरीवरचे धुतलेले कपडे पुन्हा धुवायला काढावे लागत. पण त्या धुराड्यावर संशय घेणं म्हणजे घरातल्या कर्त्या माणसावरच संशय घेणं. तो घेणार कोण? मीही घेतला नाही. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. माझं कॉलेज, माझे पंप, सगळं त्या गुऱ्हाळावरच तर चाललं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मला इनामगावला मावशीकडं धाडलं. पंधरा दिवसांत धापेचा पंप एकदाही लागला नाही. काटा रोज थोडा थोडा वर. मावशीच्या पोरांबरोबर नदीपर्यंत पळत गेले आणि पळत परत आले, तेव्हा मला रडूच आलं. घरी आले आणि दोन दिवसांत छाती पुन्हा शिट्ट्या वाजवायला लागली.

आप्पांनी चष्मा लावून वही बघितली. एकदा नाही, दोनदा. मला वाटलं, चला, आता कळलं. त्यांनी वही मिटली आणि निकाल दिला, की हा सगळा इनामगावच्या पाण्याचा गुण. हजारो वर्षांमागं माणसं घोडनदीच्या काठाला येऊन राहिली, सरकारनं उकरून काढलंय, ती काय उगीच राहिली व्हय? झालं! दर आठवड्याला मावशीच्या विहिरीचं पाणी कॅन भरून यायला लागलं. धुरात बसून मी ते इमानेइतबारे प्यायले. राग तर असा यायचा की कॅन उचलून अंगणात ओतावा. पण भांडायलाही श्वास लागतो, आणि माझ्याकडं नेमका तोच नव्हता.

मग गावातल्या कुणीतरी धुराची तक्रार केली आणि तपासणीला दोन साहेब आले. साहेबांच्या आधी साहेब येणार ही बातमी पोचली होती, त्यामुळं टायर उसात जाऊन बसले होते आणि चुलवणात गुणी बाळासारखं चिपाड जळत होतं. आप्पांनी मला हाक मारली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि साहेबांना म्हणाले, "ही माझी पोर. दम्याची हाय. घरात असलं लेकरू असताना मी टायर जाळीन व्हय?"

त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. माझ्यावर त्यांचा जीव होता, त्यात तिळमात्र खोट नव्हती. म्हणून तर ते ऐकताना मला त्यांच्याकडं बघवेना.

त्यातल्या एका साहेबांनी मलाच विचारलं, धुराचा काही त्रास होतो का. खांद्यावरचा हात जड झाला. मी नाही म्हणाले. दम्याच्या मुलीनं स्वतः दाखला दिल्यावर पुढं काय तपासायचं? साहेबांनी ताजा गूळ चाखला, चहा घेतला आणि निघाले.

आप्पा खुशीत ओट्यावर बसले. पोर शाणी निघाली, असं आईला सांगायला लागले. मला धाप लागली होती. पंप ओढला, श्वास धरून ठेवला, सोडला. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले.

"सायबांनी इचारलं, त्यांना न्हाई म्हणाले. तुम्ही तर कवा इचारलंच न्हाई."

गुऱ्हाळावरून गड्यानं हाक दिली, उकळत्या रसाची काहील उतरायला झाली होती. काहील कधी उतरवायची हे आप्पा दुसऱ्या कुणावर सोडत नसत, त्यासाठी भरल्या ताटावरून उठून जात. आज बसून राहिले. दुसरी हाक आली. मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "कवापास्नं?"

"पयल्यापास्नं," मी म्हणाले.

गूळ करपल्याचा वास अंगणापर्यंत आला, तरी ते उठले नाहीत.