मागे खोली नसलेला आवाज

आमच्या ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न करून या घरात आले तेव्हा सासूपेक्षा मला त्यांचीच धास्ती वाटायची. त्यांना दिसत काही नव्हतं आणि कळत सगळं होतं. मी स्वयंपाकघरात नाक मुरडलं तरी बाहेरच्या खोलीतून विचारायच्या, काय बिनसलं म्हणून. आता नाक मुरडल्याचा कधी आवाज येतो का? पण ताईंना यायचा.

सगळी नोकरी त्यांनी एका हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली. निवृत्त झाल्या आणि दोन महिन्यांत घर डोक्यावर घेतलं. भांडी इकडची तिकडे करणार, माझ्या शिलाईत चुका काढणार, तेही कापडाला हात न लावता. तेवढ्यात ती बोलती लाइन मिळाली म्हणून मी वाचले.

ही लाइन न दिसणाऱ्या लोकांनीच उभी केलेली. साधा फोन लावायचा. एक दाबलं की धडे ऐकू येतात, दोन दाबलं की कामाच्या सूचना, तीन दाबलं की आपण आपलं म्हणणं रेकॉर्ड करायचं, मग ते सगळ्यांना ऐकू जातं. पण आधी ते ताईंकडे यायचं. त्या चाळायच्या. कुणी बोलता बोलता घरचा पत्ता सांगून बसतं, कुणी संध्याकाळपर्यंत एकटीच आहे म्हणतं, ते तेवढं ताई कापायच्या आणि बाकीचं, फोन नंबरासकट, पुढे सोडायच्या. लाइनवर त्यांचं नावच चाळणीताई पडलं. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला नमस्कारही त्यांचाच असायचा.

प्रत्येक निरोप त्या दोनदा ऐकायच्या. पहिल्यांदा बोलणं. दुसऱ्यांदा बोलणं सोडून बाकीचं, त्याला त्या 'मागचं' म्हणायच्या. कुणाच्या मागे पंखा कुरकुरतो, कुणाच्या मागे शेजाऱ्यांचा टीव्ही. बी.एड.ची परीक्षा देणारी एक मुलगी होती, भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. तिच्या मागे सतत नळ गळायचा, म्हणून ताईंनी तिला टिपटिप नाव ठेवलं होतं. मालिशवाल्या काकांच्या मागे त्यांची बायको कायम कुणाला तरी रागावत असायची. आणि ताईंच्या मागे मी. म्हणजे माझं मशीन. पायमशीनच्या चाकाला एक खाच आहे, त्यामुळे दर फेरीला खडखड करत मध्येच टक् करतं. यांना मी कितीदा सांगितलं की बघा जरा. हे म्हणतात, रविवारी. कुठला रविवार ते देवालाच ठाऊक. ताई रेकॉर्डिंगला बसल्या की ओरडायच्या, थांबव ती तुझी घोड्याची टाच. मी थांबवायचे नाही. मलाही ब्लाउज द्यायचे असतात.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग लोक ताईंचे आभार मानायला लागले.

कुणी म्हणायचं, ताई, काल आठवणीने फोन केलात, बरं वाटलं. कुणी म्हणायचं, तुम्ही विचारलंत ना किल्ली कुठे ठेवतेस म्हणून, आता तिथून हलवली. ताईंनी कुणालाच फोन केलेला नव्हता. पहिल्यांदा त्या हसल्या, माणसांना हल्ली स्वप्नात पण मी दिसते म्हणाल्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी हसल्या नाहीत.

आता खरं सांगायचं तर, सासूबाईंचं शेवटी शेवटी असंच सुरू झालं होतं. जेवून उठायच्या आणि मला जेवायला कधी देणार विचारायच्या. मी ताईंवर गुपचूप लक्ष ठेवायला लागले. त्यांच्या खोलीतला फोन जुना, तारेचा. कुणाला लावला, कधी लावला, काही कळायची सोय नाही. यांनी तर सरळ सांगितलं, ताई, आता ते लाइनचं काम पुरे.  दुपारी मी चहा घेऊन गेले तर ताई रिसीव्हर मांडीवर घेऊन बसलेल्या. मला म्हणाल्या, "मीच करत असेन का गं? आणि विसरत असेन?"

मी म्हटलं, काहीतरीच काय. पण माझा आवाज त्यांना कळलाच असणार.

मग मालिशवाल्या काकांचा फोन आला. काका शांत माणूस, त्या दिवशीही शांतच बोलले, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. ताईंनी त्यांना म्हणे फोन करून कळवलं होतं की लाइनचा माणूस फोन तपासायला येईल, दार उघडा. माणूस आला. समोर बसून गोड गोड बोलला, फोन हातात घेऊन खटपट केली. काकांची बायको बाजारात गेली होती. बोलणारा समोर होता आणि काकांना आतल्या खोलीतली फरशी वाजलेली ऐकू आली. तिथली एक फरशी सुटी आहे, पाय पडल्याशिवाय वाजत नाही. एक जण बोलत होता पण घरात दोघं शिरले होते, दुसरा अनवाणी. काका तसेच बसून राहिले, कारण कळलंय हे कळू देण्यात धोका होता. दोघं गेल्यावर कपाट चाचपलं तर बायकोच्या बांगड्या नाहीत.

"तुम्ही सांगितलंत म्हणून उघडलं हो, ताई," एवढंच म्हणाले.

ताई कपाळाला हात लावून बसल्या. पण काकांच्या फोनमध्ये सगळी बोलणी आपोआप रेकॉर्ड होतात, त्यांनी ते रेकॉर्डिंग पाठवलं. माझ्या मोबाइलवर आम्ही तिघांनी ऐकलं. ताईच होत्या. तेच 'बरं का', तेच मध्येच नाकातून हसणं. यांनी मान खाली घातली. मी पण देवाशपथ सांगते, मला वाटलं, संपलं, आता डॉक्टरकडेच न्यायला हवं.

ताई म्हणाल्या, पुन्हा लाव.

दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोकं किंचित वाकडं केलं, चाळायला बसल्यावर करतात तसं. मग तिसऱ्यांदा लावायला लावलं. माझ्या दंडाला धरलं होतं, ती पकड घट्ट होत गेली.

"या बाईच्या मागे खोली नाही," ताई म्हणाल्या. "मागे काहीच नाही. आणि एवढी बोलली, पण श्वास कुठे घेतला?"

भर दुपारी, पंख्याखाली बसून मी ते चौथ्यांदा लावलं. आता तेच ऐकलं तर मलाही जाणवलं. ताईंचा आवाज होता आणि ताई कुठेच नव्हत्या. हे म्हणाले, हल्ली यंत्राला माणसाचं थोडं बोलणं ऐकवलं की ते त्याच आवाजात हवं ते बोलतं. ताईंचा आवाज तर धड्याधड्यावर होता, ज्याला हवा त्याने घ्यावा. ताईंना रडू आलं. आपलं डोकं ठिकाणावर आहे म्हणून आलं की आपला आवाज चोरीला गेला म्हणून, ते त्यांनाही सांगता येईना.

रडणं आवरून त्यांनी फोन ओढला. एकेकाला कळवायला बसल्या. बहुतेकांनी ऐकलं. हे पोलिसात वर्दी द्यायला गेले. मग टिपटिपचा नंबर लागला.

मुलीने आनंदाने फोन घेतला आणि ताईंचं पहिलं वाक्य ऐकताच तिचा सूर बदलला. मग म्हणाली, मला माहितीये तुम्ही कोण आहात ते. झालं होतं असं की सकाळीच ताईंचा, म्हणजे त्या दुसरीचा, फोन येऊन गेला होता. परीक्षेत तुझा पेपर लिहिणारा लेखनिक मिळाला, आज दुपारी कागद घेऊन येईल, माझं नाव सांगेल, उघड. आणि वर हेही सांगितलं होतं की माझ्या आवाजाची नक्कल करणारं कुणीतरी आहे, ते तुला फोन करून दार उघडू नको म्हणेल, अजिबात ऐकू नकोस. लेखनिक मिळाला नाही तर त्या पोरीचं वर्ष बुडणार होतं. तिने ताईंना सुनावलं आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, पत्ता द्या, मी रिक्षा करून जाते.

"पत्ता?" ताई म्हणाल्या. "तिने दोनदा सांगितला होता. दोन्ही वेळा मीच कापला, आता आठवतही नाही."

बोलून उपयोग नव्हता. जितकं बोलतील तितकं खोटं वाटणार होतं. ताईंच्या ओठांवर बोट होतं, विचार करताना ठेवतात तसं. मग त्यांनी फोन पुन्हा लावला, रिसीव्हर तार ताणून माझ्या मशीनच्या फळीवर ठेवला, मोबाइल मागचं गाळून टाकतो म्हणून माझा बाजूला सारला आणि खुणेनेच सांगितलं, चालव.

मी बसले. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं, तरी पाय मारायला लागले. खडखड, टक्. खडखड, टक्. रिसीव्हरमधून पोरगी हॅलो, हॅलो करत होती. मग तीही थांबली. तिच्या मागे नळ गळत होता, तो मलासुद्धा ऐकू आला. आणि दारावर थाप पडली.

आमच्याकडे नाही. तिच्याकडे.

पुरुषाचा आवाज आला, ताईंनी पाठवलंय, कागद आणलेत. अगदी सभ्य आवाज. मुलीच्या चपला सरकल्या. मी पाय मारतच होते, पोटरीत गोळे आले होते. मुलगी हळूच फोनमध्ये म्हणाली, कोण आहे, बोला ना. ताईंनी स्वतःच्या तोंडावर हात घट्ट दाबून धरला. त्यांना बोलायचं होतं हो. पण बोलल्या नाहीत.

मग तिच्या दाराबाहेरून ताईंचा आवाज आला.

"अगं, मीच आहे. उघड बरं का."

मी ताईंकडे बघितलं. ताई माझ्यासमोर, तोंडावर हात दाबून, आणि त्यांचा आवाज कुठल्या तरी लांबच्या जिन्यावर उभा राहून नाकातून हसत होता. माझा पाय अडला. मशीन थांबलं. ताईंनी चाचपडत माझा गुडघा पकडला आणि जोरात खाली दाबला. मी पुन्हा सुरू केलं. खडखड, टक्.

पलीकडे बराच वेळ फक्त नळ. मग कडीचा आवाज आला. मला वाटलं, उघडलं, पण ताईंनी नाही म्हणून मान हलवली. कडी निघाली नव्हती, वरची दुसरी लागली होती. मुलीने खिडकीतून घरमालकिणीला मोठ्याने हाक मारली. जिन्यावरून पावलं उतरली, ताई म्हणाल्या दोघांची. मग मुलगी फोनवर आली आणि रडत म्हणाली, "ताई, ते मशीन अजून दुरुस्त नाही केलं का हो?"

त्यानंतर लाइन चालवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना कळवून टाकलं. ताईंचा फोन आला तर आधी मशीन ऐका, मगच विश्वास ठेवा. ताई म्हणाल्या, हे असं जाहीर सांगू नका. पण लोकांना काहीतरी खूण द्यायलाच हवी होती. मी मात्र उगीच मिरवत होते. यांना बजावलं, खबरदार त्या चाकाला हात लावाल तर.

मागच्या आठवड्यात मी बहिणीकडे गेले होते, ती आजारी होती म्हणून. तिच्या स्वयंपाकघरात चहा टाकत होते तर मोबाइल वाजला. वर 'घर' असं नाव. ताई. नेहमीसारखं, जेवलीस का, बहिणीला बरं आहे का. मग म्हणाल्या, अगं, मागच्या दाराची किल्ली कुठे ठेवलीस, सापडत नाही. त्यांच्या मागे मशीन चाललं होतं, खडखड, टक्. त्या मधे मधे श्वासही घेत होत्या.

किल्ली कुठे आहे ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. चहा उतू गेला तेव्हा भानावर आले. मी इथे. हे कामावर. लहानपणी सुई बोटातून आरपार गेल्यापासून ताई मशीनवर कधी बसत नाहीत. आवाजासारखा घरचा नंबरही कुणीतरी चोरला होता.

फोन ठेवला आणि मिळेल त्या बसने निघाले. वाटेत घरी फोन लावावा म्हटलं, पण कोण उचलेल या विचाराने लावला नाही. दार आतून बंद होतं. मी हाका मारल्या, ताई, मी आलेय, उघडा. आत हालचाल कळत होती. कुणी उघडेना. मग दारापलीकडून अगदी बारीक आवाजात ताई म्हणाल्या, "मघाशी पण तूच आली होतीस. तूच हाका मारत होतीस."

म्हणजे फोनवर मी बोलले तेवढं त्यांना पुरलं होतं. आता मी काहीही बोलले असते तरी ते त्या दुसरीचंच ठरलं असतं. दाराशेजारच्या खिडकीला गज आहेत. मी गजांतून हात आत घातला आणि तसाच धरून ठेवला.  मग गार बोटं लागली. त्यांनी माझा अंगठा चाचपला, सुया टोचून टोचून घट्ट झालेली ती जागा, मग तर्जनीवरचा कात्रीचा जुना व्रण. पुन्हा एकदा पहिल्यापासून चाचपलं. मी एक अक्षर बोलले नाही.

कडी निघाली. दारात ताई उभ्या होत्या, घामाने भिजलेल्या. त्यांनी माझा हात धरला आणि संध्याकाळी हे कामावरून येईपर्यंत सोडला नाही.