क्लारा बूट कुठून आणणार?

डल्सीइतकी बडबडी बाई आमच्या बेटावर दुसरी नव्हती, पण ती फक्त कारखान्यात. घरी तिची दातखीळ बसायची. खेकड्यांच्या कारखान्यात आम्ही बायका सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहून खेकड्यांचे पाय निवडतो आणि खोक्यांत भरतो. बोटं गारठून जातात, तोंड तेवढं मोकळं. मग डल्सी आम्हाला कादंबऱ्या सांगायची. महिन्यातून एकदा बोटीवरून वाचनालयाची गाडी येते, तिच्यातून ती पुस्तकं आणते, असं आम्ही धरून चाललो होतो. पट्ट्यापाशी पुस्तक कोण आणू देणार? त्यामुळे ते कधी कुणी पाहिलंच नाही.

यंदा क्लाराची गोष्ट चालू होती. तिचा नवरा घराबाहेर पडताना तिचे बूट गाडीत टाकून घेऊन जायचा. बाहेर गुडघाभर बर्फ, बाई जाणार कुठे? क्लारा दाराच्या कडीला हात लावून रोज तिथेच उभी. आम्ही त्या मेल्याला पोटभर शिव्या घालायचो. मिल्ड्रेड म्हणायची, टाका त्याला खेकड्यांबरोबर उकळायला. डल्सी हसून म्हणायची, "पुढच्या पानावर बघू."

मिल्ड्रेड साठीची, विधवा, मनाने सोनं, पण पोटात काही राहील तर शपथ. एकदा दुकानात तिला डल्सीचा नवरा अँब्रोज भेटला. तुझी बायको काय झकास गोष्ट सांगते रे, म्हणत तिने क्लाराच्या बुटांचं सगळं त्याला हसत हसत सांगितलं. त्याने तंबाखू घेतली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी डल्सी कामावर आली नाही. पायरीवरून घसरली म्हणे. जबडा मोडला होता, डॉक्टरांनी दात तारेने बांधून टाकले होते. आमच्या बेटावर बायकाच तेवढ्या पायऱ्यांवरून घसरतात. पुरुषांना त्याच पायऱ्या बऱ्या सापडतात!

तिला वाचून दाखवावी म्हणून मी वाचनालयाच्या गाडीत जाऊन ती कादंबरी मागितली. तिथल्या मुलीने खूप शोधली. असं पुस्तकच नाही म्हणाली, आणि डल्सीने तर दोन हिवाळ्यांत एकही पुस्तक नेलेलं नाही. मी तडक कारखान्यात परतले. मिल्ड्रेडला सांगितलं, तर ती तिथेच रिकाम्या खोक्यावर बसली.

"विनी, मी त्याला काय सांगून आले गं?"

मला तिचा संताप आला होता, पण तिचं तोंड बघून गिळला.

जबड्याच्या तारा निघायच्या आधीच अँब्रोजने डल्सीला कामावर आणून सोडलं. हातांना काय झालंय, म्हणाला. दारातच तिचे बूट काढून घेतले आणि आपल्या गाडीत टाकले. आत आम्हाला कारखान्याचे पांढरे बूट असतात. ते घालून बाहेर पाऊल टाकलं की नोकरी गेली, हे सगळ्यांना पाठ.

डल्सी आपल्या जागी उभी राहिली. शेवटी मीच म्हटलं, क्लारा दाराशी उभी होती ना, पुढे सांगू या. एकीने क्लारासाठी शेजारणीकडून बूट आणवले. डल्सीने मान हलवली, नाही. मी क्लाराला अनवाणी काढली. त्यालाही नाही.

मग मिल्ड्रेड खाली मान घालूनच बोलली. "क्लारा कामाला जायची, तिथले बूट तिने पायातून काढलेच नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मागच्या दाराने निघाली. तिथे एक तोंडाळ म्हातारी गाडी चालू ठेवून बसली होती. दुपारची बोट होती."

डल्सीचे हात थांबले. खेकड्यांचे पाय तिच्या पुढून तसेच निघून गेले. मग तिने मान डोलावली.

संध्याकाळी अँब्रोज नेहमीसारखा पुढच्या फाटकाशी गाडी लावून बसला होता. एकेक बाई बाहेर पडून गेली. शेवटी त्याने काच खाली केली.

"डल्सी कुठाय?"

त्याच्या शेजारच्या सीटवर तिचे तपकिरी बूट होते. मी हात खिशात घातले.

"असेल आतच," मी म्हटलं. "तिचे बूट तर तुझ्याकडेच आहेत ना?"