बबन मसाल्याचा प्रयोग

आमच्या घरात एकदा माझ्या नवऱ्याच्या नावावर प्रयोग झाला. तो लिहायला बसले आहे. शिक्षण चौथी पास, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होणारच. अक्षरही उकिरड्यावर कोंबडीनं पाय ओढावेत तसं आहे. त्याची आधीच माफी मागते. (ही वही ट्रंकेत लुगड्यांच्या खाली राहणार आहे. पण माफी मागून ठेवलेली बरी!)

गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. लग्न होऊन कासार आंबोलीला आले तेव्हा मी इतकी कमी बोलायचे, की शेजारणी सहा महिने मला मुकी समजत होत्या. एकीनं तर आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वैद्याचा पत्ताही दिला होता. पण माझ्या हाताचा कांदा-लसूण मसाला मात्र लांबून बोलायचा. भाजणं, कुटणं, चाळणं माझं आणि विकणं आत्याबाईंचं. पौडच्या आठवडे बाजारात त्या पाटी घेऊन बसायच्या आणि वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून विकायच्या. बरं चाललं होतं.

त्या दिवाळीला माझे धाकटे दीर, सुरेशभाऊजी, पुण्याच्या कॉलेजातून सुट्टीला आले. येताना कंदील, फटाके आणि एक प्रश्न घेऊन आले.

"आई, तुझा मसाला खपतो तो कशामुळं?"

"माज्या आवाजामुळं," आत्याबाई म्हणाल्या.

"मिरचीमुळं," आमचे हे म्हणाले.

मी मिरच्यांचे देठ खुडत होते. मला कुणी विचारलंही नव्हतं.

"हे सगळे अंदाज झाले! प्रयोग करायला पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. मग खप वाढला तर त्या एका गोष्टीमुळंच वाढला. कारण आणि परिणाम!"

"आन् खप घटला तर?" आत्याबाईंनी विचारलं.

"तरी प्रयोग यशस्वीच!"

"मंजी धंदा बुडाला तरी तू पास," आत्याबाई म्हणाल्या.

भाऊजींनी पतंगाचा लाल कागद आणून पिशव्या चिकटवल्या. मसाल्याला नाव हवं म्हणून घरातल्या थोरल्या मुलाचं नाव घातलं, 'बबन मसाला'. हे बबन म्हणजे आमचे हे. (लिहायला चालतं. तोंडानं घ्यायचं नसतं.) सगळ्यांनी नाव पसंत केलं. मीही लाजून मान डोलावली. त्यात काही घोटाळा आहे हे माझ्यासकट कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आत्याबाई त्याच जागी, त्याच वेळी, तोच मसाला घेऊन बसल्या. फक्त पुडीच्या जागी लाल पिशवी. "बबन मसाला घ्या, माज्या बबनचा मसाला!" असं सकाळभर ओरडल्या, आणि दुपारच्या आत पाटी रिकामी! पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. भाऊजींनी वहीत रेघ मारली. "सिद्ध झालं! कारण पिशवी, परिणाम खप!"

मग पुण्याला छापखान्यात हजार पिशव्या सांगितल्या. पिशव्यांना आणि वाढीव मिरचीला आत्याबाईंनी दोन शेळ्या विकून तीनशे रुपये काढून दिले. देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गुढीपाडव्यापत्तोर पैसं परत पायजेत. न्हाईतर मसाला बंद. माज्या उरलेल्या शेळ्या राखायला तूच जायाचं."

शेळ्यांना मी भीत नव्हते. पण मसाला ही जगात माझी म्हणावी अशी एकच गोष्ट होती. मी म्हणाले, "व्हय." (त्या आठवड्यातलं माझं हे सगळ्यात लांब बोलणं.)

आणि छापील पिशव्या घरी आल्या त्याच दिवशी नणंदेच्या सासरहून निरोप आला. तिचे दिवस भरत आले होते. आत्याबाई गाठोडं बांधून तीन महिन्यांसाठी निघून गेल्या. बाजाराला कोण बसणार? मी!

पहिल्या बाजाराला मी पाटीमागे बसले, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि गिऱ्हाइकाची वाट पाहू लागले. एक बाई आली.

"ह्यो कसला मसाला?"

"लाल."

"ते दिसतंय की! पर कुणाचा?"

"आमचा."

"आमचा मंजी कुणाचा?"

"...ह्यांचा."

"ह्ये कोण?"

मी पिशवीवरच्या अक्षरांकडे बोट केलं. बाईला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, मी तिला छापील चित्र दाखवतेय. चित्र कोंबडीचं होतं. ती म्हणाली, "कोंबडीचा मसाला? नको बाई, आज गुरुवार हाय माजा," आणि गेली.

नेहमीच्या गिऱ्हाइकांची तर आणखी गंमत. एकीनं विचारलं, "त्या म्हातारीचा बबन मसाला तो ह्योच का गं?" परक्या बाईच्या तोंडून ह्यांचं नाव असं उघडंबोडकं ऐकलं आणि मी लाजून पदरात तोंड लपवलं. तिला वाटलं, नाही म्हणतेय. तीही गेली!

विक्री दोन पिशव्या. त्यातली एक शेजारी बसणाऱ्या बांगडीवाल्या शरीफाभाभींनी कीव येऊन घेतली.

भाऊजी चक्रावले. पिशवी लाल, मसाला तोच, मग खप कुठं गेला? दर बाजाराला पुण्याहून एसटीनं यायचे आणि काहीतरी बदलायचे. एकदा मला भाजीवाल्यांच्या रांगेत बसवलं. एकदा पाटी उंचावर ठेवली. एकदा किंमत चार आणे उतरवली. एकदा मला म्हणाले, "वहिनी, आज पिवळं लुगडं नेसा." मी सगळं केलं. खरं कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! पण दिराला हे सांगायचं कसं, याचीच लाज वाटत होती. पाच बाजार असे गेले. पिशव्यांचा गठ्ठा तसाच आणि पाडवा जवळ.

सहाव्या बाजाराला भाऊजी शरीफाभाभींच्या बांगड्यांच्या पेटीमागे लपून बसले. एक गिऱ्हाईक येऊन गेलं तसे डोकं धरून बाहेर आले.

"वहिनी! तुम्ही नावच घेत नाही!"

"कसं घेऊ भाऊजी?"

"नुसतं ओरडायचं, बबन मसाला!"

"अवो, त्यांचं आयुष्य कमी हुईल!"

"मसाल्याचं नाव आहे ते, दादाचं नाही!"

"पन दादाचंच हाय की!"

तेवढ्यात शरीफाभाभी हसत हसत पुढे आल्या. "अगं येडे, लग्नात घेतलंस का न्हाई नाव? उखाण्यात घे की! उखाण्यात घेतलं तर कसलं पाप?" आणि त्यांनी अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "या गं या! आंबोलीची सून नाव घेती!"

क्षणात पंधरा-वीस बायका गोळा झाल्या. मी पदर आणखी पुढे ओढला. पण डोळ्यांपुढे शेळ्या दिसत होत्या. मी डोळे मिटले आणि म्हणाले,

"तव्यावर भाजलं खोबरं, बारीक केला कीस,
बबनरावांचं नाव घेते, पिशव्या घ्या वीस!"

वीस नाही, एकवीस गेल्या!

भाऊजी मात्र हटून बसले. "एवढ्यावर सिद्ध होत नाही. आज गर्दीच जास्त असेल." त्यांनी मला पुढच्या बाजाराला सकाळी उखाणे घ्यायला लावले आणि दुपारी गप्प बसवलं. सकाळी पाटी अर्धी झाली. दुपारी एक पिशवी हलली नाही. "पण दुपारी ऊन असतं," म्हणून त्याच्या पुढच्या बाजाराला उलटं केलं. सकाळी गप्प, दुपारी उखाणे. भर उन्हात रांग लागली! तेव्हा कुठे त्यांनी वहीतलं 'पिशवी' खोडून तिथे 'उखाणा' लिहिलं.

आता एका पिशवीला एक उखाणा असा नियमच पडला. भुकूमची एक बाई एका बाजारात चारदा आली. म्हणाली, "मसाला उतू चाललाय घरात, पर मागचा उखाणा पाठ व्हायचा राहिला." माझ्याजवळ लग्नातले चारच उखाणे होते, ते पहिल्या तासात संपायचे. मग समोर दिसेल त्यावर जुळवायची.

"समोरून आली म्हैस, मागून आली एसटी,
बबनरावांचं नाव घेते, मिरची नाही उष्टी!"

याला अर्थ काय, मला विचारू नका. पण अकरा जणींनी तोच मागितला, अकरा पिशव्या गेल्या.

एका संध्याकाळी हे घरी आले ते टोपी आपटूनच.

"काय लावलंयस तू बाजारात? मी एसटीत चढलो तर कंडाक्टर म्हन्तो, या, मिरची न्हाई उष्टी! पिठाच्या गिरणीत पोरी माज्याकडं बघून फिदीफिदी हसत्यात. अख्खा पौड मला वळखतोय!"

"मग चांगलंच की दादा," भाऊजी म्हणाले. "जाहिरात झाली."

"जाहिरात मसाल्याची करा! माजी कशाला?"

मी खाली मान घालून म्हणाले, "तुमचाच खप वाढलाय, त्याला मी काय करू?" आणि स्वतःच दचकले. नवऱ्याला उलटं उत्तर! हेही आ वासून बघत राहिले. (नंतर वळून हसले. पाठीवरून कळलं मला.)

आत्याबाई परत आल्या तोवर दोनशे ऐंशी रुपये फेडायला मी काढून ठेवले होते. ते त्यांनी मुकाट्यानं घेतले. मग बाजाराला माझ्या शेजारी येऊन बसल्या. सात पिशव्या विकेपर्यंत माझे सात उखाणे ऐकले आणि एवढंच म्हणाल्या, "माजा घसा फुकटच गेला इतकी वर्सं."

पाडव्याच्या आदल्या दिवशी शेवटचे वीस रुपये जमले. ओट्यावर सगळं घर होतं, शेजारणीही होत्या. आता मी कुणाला भीत नव्हते. ताठ मानेनं गेले, नोट आत्याबाईंच्या हातावर ठेवली आणि ठसक्यात म्हणाले, "घ्या आत्याबाई, बबनचे शेवटचे वीस रुपये!"

उखाणा नाही, राव नाही, काही नाही. नुसता बबन!

शेजारणींनी तोंडाला पदर लावले. आत्याबाईंनी आधी नोट उजेडात धरून पाहिली, मोजून तीनशे झाले म्हणाल्या, कनवटीला नीट खोचली, आणि मग माझ्यावर ओरडल्या.