चेक भाषेतला चेक

आता काय सांगू तुम्हाला, स्वतःच्या तोंडाने स्वतःचं हसं करून घ्यायचं म्हणजे! पण सांगतो. चहा तेवढा सांडू नका.

रियाधला, अल सुलैमध्ये आमचा लबनचा कारखाना. लबन म्हणजे तिकडचं ताक. सौदायझेशनचा जोर होता. आपला माणूस उठला की त्याच्या खुर्चीत सौदी बसायचा. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत आलेला, आणि मॅनेजर अबू नासर तो वाढवायचं नाव काढेना.

तेवढ्यात बाटल्या भरायचं नवं मशीन आलं. ते बसवायला चेक देशातून आला कारेल. इंग्रजीच्या नावाने शंख!

अबू नासर म्हणाला, "याचे हात ग्रीसमध्ये. हा मोबाईलवर भाषांतर कधी करणार? याची भाषा कुणाला येते?"

माझा हात वर! येत काय होतं? 'दोब्री देन', म्हणजे नमस्कार. बास! पण नोकरी टिकवायची तर माणूस काय काय बोलत नाही?

चाचणीच्या दिवशी कारेल नळ्यांखाली वाकलेला, मी बटणापाशी. तो आतून ओरडला, "चेकेय! चेकेय!"

हात्तिच्या, हे तर इंग्रजीच! चेक करायचंय. दाबलं बटण.

लबनची धार थेट त्याच्या टकलावर! भुवयांतून ताक गाळत तो बाहेर आला आणि पुटपुटला, "तो सेम नेचेकल."

'सेम' ऐकलं, 'चेक' ऐकलं. म्हणजे सेम चेक परत! दाबलं. पण एव्हाना आरडाओरडा ऐकून नळ्यांखाली कोण डोकावत होतं? अबू नासर! झगा पांढराच होता म्हणून डाग दिसला नाही, एवढंच नशीब.

कारेलने हात पुसून मोबाईल दाखवला. 'चेकेय' म्हणजे थांब. आणि 'तो सेम नेचेकल' म्हणजे, याची मला अपेक्षा नव्हती. क्रियापद एकच! थांबायलाही तेच, अपेक्षा करायलाही तेच. अबू नासरने ते दोनदा वाचलं आणि दाढी पुसत निघून गेला.

आठवड्याने भीत भीत विचारलं, "मुदीरसाहेब, माझा इकामा?"

तो गोड हसला. "चेकेय!"

घरी बायको दारातच उभी. "अहो, काय म्हणाले?"

"चेकेय," मी तोंड पाडून म्हणालो.

"चेक आहे? अगं बाई! केवढ्याचा?" आणि तिने रत्नागिरीला आईला फोन लावलासुद्धा. "आई, ह्यांना कंपनीने चेक दिला!"

तिला थांबवायला धावलो. पण आठवडाभर डोक्यात तोच शब्द घुमत होता ना, तोंडातून तोच निघाला, "चेकेय! चेकेय!"

"ऐकलंस ना आई?" ही फोनवर म्हणाली. "आनंदाने कसे ओरडतायत बघ!"