कोड मालकिणीच्या हातात

राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

माझी सायली चोवीस वर्षांची. चितेगावच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करते, सातच्या बसनं मुकुंदवाडीत उतरते. आमच्या सोसायटीचा खालचा हॉल पार्किंगला द्यायचा की मुलींच्या अभ्यासिकेला, यावर दोन वर्षं भांडणं चालू आहेत. बैठकीत हात वर करायची वेळ आली की जो तो शेजाऱ्याच्या हाताकडे बघतो. सायली म्हणाली, गुप्त मतदान घेऊ.

तिनं इंटरनेटवरून मतदानाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते आतून कसं चालतं हे कुणालाही उघडून तपासता येतं, म्हणून तिला ते आवडलं. फुकटचं म्हणून आमच्या ह्यांनी नाक मुरडलं. पहिल्याच रविवारी तिनं शेवटची तारीख चुकून आदल्या दिवसाची टाकली आणि मतदान सुरू होण्याआधीच संपलं. अध्यक्ष बन्सीकाका जिन्यात सगळ्यांना सांगत सुटले, पोरीनं लग्नाआधीच वरात परत पाठवली.

पुढच्या रविवारी पुन्हा चाचणी झाली. गेटला हिरवा रंग द्यायचा की निळा, एवढाच प्रश्न. सोसायटीच्या नोंदवहीतल्या मोबाईलवर प्रत्येक सभासदाला कोड गेला आणि अर्ध्या तासात चोवीस मतं पडली. सायली हरखली. जेवताना तिनं मला विचारलं, तू कोणता रंग दिलास?

मी म्हणाले, मतदान कधी झालं?

"निळा दिला की तुझ्या वतीनं," हे म्हणाले. घास थांबला नाही.

बाईच्या नावावर नोंदणी स्वस्त पडते, म्हणून इथले निम्मे फ्लॅट बायकांच्या नावावर आहेत. वहीत नाव आमचं, नंबर नवऱ्याचा. तिसऱ्या मजल्यावरच्या गजालाभाभी मुख्याध्यापिका आहेत. त्यांचं मत त्यांच्या नवऱ्यानं, मोईनभाईंनी, दुकानात बसून दिलं होतं.

सायलीनं हॉलचं मतदान थांबवलं आणि बन्सीकाकांकडे गेली. भीतीनं मीही मागोमाग गेले.

"घरातलं घरात ठरतं," ते म्हणाले. "तू आपलं मशीन चालव."

"मग मशीन कशाला, काका? निकाल तुम्हीच सांगून टाका."

मी तिला हाताला धरून घरी आणलं. जाऊ दे म्हणाले. उद्या स्थळ आलं तर लोक बन्सीकाकांकडेच चौकशी करतील, असंही म्हणाले. तिनं हात सोडवून घेतला.

"आई, फ्लॅट तुझ्या नावावर आहे."

मोईनभाईंवर, ह्यांच्यावर मी चिडले होते. पण ते वाक्य ऐकल्यावर स्वतःचीच जास्त चीड आली. बी.ए. झालेली बाई मी, आणि पोरीला गप्प बसायला शिकवत होते.

आज ती नव्या कोडची बंद पाकिटं घेऊन दारोदार फिरली. मालकिणीची सही, पाकीट तिच्याच हातात. दोघांनी दार आपटलं. गजालाभाभींनी पाकीट पर्समध्ये टाकून चेन ओढली. शेवटी ती आमच्या दारात आली, तेव्हा ह्यांनी हात पुढे केला.

"आण इकडं. मी काय परका हाय?"

"सही मालकिणीची लागते, बाबा."

मी पिठाच्या हातानंच सही केली. ओट्यापाशी उभं राहून माझ्या फोनवरून मत दिलं.

निकाल उद्या आहे. जेवताना ह्यांनी विचारलं, काय दिलंस? मी भाकरी वाढली. मग त्यांनी सायलीला विचारलं.

"मलाही दिसत नाही, बाबा. ते बनवलंच तसंय."

ताट अर्धं ठेवून ते उठले. उठू देत.