भेंडीचं राष्ट्रीय फूल

वृंदा वहिनींनी आठ वर्षं रोज जपानचा झेंडा काढला. म्हणजे नागोयाबाहेरच्या एका जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात पांढऱ्या भाताच्या बरोबर मध्यभागी एक लाल खारवलेलं फळ ठेवायचं, हे त्यांचं काम. त्याआधी त्या साताऱ्याच्या शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला त्यांची पोरं हटकून 'ए' ग्रेड आणायची. मग नवऱ्याला, प्रसन्नला, मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीने इकडे बोलावलं आणि बाई एकदम 'डिपेंडंट' झाल्या. सरकार तसं कार्डावर छापूनच देतं, वर आठवड्याला अठ्ठावीस तास काम करायची मुभा. त्या तासांत जेवढे झेंडे निघतील तेवढे काढायचे.

मी प्रसन्नच्याच ऑफिसात, त्यांच्याच इमारतीत एक मजला खाली राहतो. एकटा माणूस, त्यामुळे वहिनींच्या स्वयंपाकघरात माझी बैठक कायमची. तिथेच त्यांनी मला ओवीचा निबंध सांगितला. ओवी त्यांची मुलगी, बारा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जपानीत. शाळेत विषय होता, 'माझे आईवडील काय करतात'. वडिलांवर पानभर इंजिनिअरिंग आणि आईवर एक ओळ: घरी असते.

"कारखान्याचं लिहायची लाज वाटली असेल हो," वहिनी हसून म्हणाल्या. त्यांना लागलं होतं. मी दुसऱ्यांदा आमटी वाढून घेतली.

त्या सप्टेंबरात नागोयात आशियाई स्पर्धा आल्या. स्टेडियमबाहेर सगळ्या देशांची जत्रा भरली, आणि वहिनींना सोळा दिवसांची बाइतो मिळाली. बाइतो म्हणजे इथली अर्धवेळ नोकरी, जिच्यावर निम्मा जपान चालतो. काम एका चिमुकल्या देशाच्या स्टॉलवर. देशाचं नाव सांगत नाही, तिथले मंत्री अजून पदावर आहेत. खेळाडू सात आणि सोबत अधिकारी अकरा, यावरून काय ते ओळखा. पदकाची आशा त्यांनाही नव्हती. जगाने आपल्याला नकाशावर शोधावं आणि सुट्टीत आपल्याकडे यावं, एवढ्यासाठी सारा खटाटोप. वहिनींना निवडलं, कारण इंग्रजी आणि जपानी दोन्ही येत होतं आणि त्यांच्या पारंपरिक झग्यात त्या मावत होत्या.

वहिनींना त्या झग्याचं काही नव्हतं. गुरुवारी ओवीची शाळा जत्रेत सहलीला येणार होती. आईला टेबलामागे मानाने उभं असलेलं लेकीने पाहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

शनिवारी जत्रा उघडली. सलग सुट्ट्या, तुडुंब गर्दी, आणि ह्यांच्या स्टॉलवर दोन दिवस नुसत्या माशा. त्या देशाचे डायरेक्टरसाहेब समुद्रकिनाऱ्याचा व्हिडिओ लावून टाय सारखा करत बसायचे. लोक यायचे, टेबलावर नजर फिरवायचे, वाकून नमस्कार करायचे आणि पुढे जायचे. सोमवारी वहिनींच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येकाच्या हातात जत्रेची पुस्तिका होती, देशागणिक एक कोरा चौकोन. त्या चौकोनात त्या-त्या देशाचा ठसा हवा. जपानी माणूस ठशासाठी डोंगर चढतो. आजोबा, कॉलेजची मुलं, कडेवरच्या पोराला सांभाळणाऱ्या आया, सगळे ठसे गोळा करत फिरत होते, आणि ह्यांच्या टेबलावर ठसाच नव्हता.

"साहेब, शिक्का कुठंय?" वहिनींनी विचारलं.

"आमच्या देशात यायला व्हिसाच लागत नाही," साहेब अभिमानाने म्हणाले. "शिक्का कशाला आणू?"

आयोजकांना विचारलं, तर त्यांनी अर्ज दिला. अर्जानंतर आठ दिवस. साहेबांनी डोक्याला हात लावला, कारण गुरुवारी त्यांचे मंत्रीही येणार होते. "रिकामा स्टॉल दिसला तर माझी बदली अशा बेटावर होईल जिथे बोट महिन्यातून एकदा जाते. त्यापेक्षा बुधवारी बंद करू. छत गळतं म्हणून कळवू."

बुधवारी बंद म्हणजे ओवी येणार आणि बंद कनातीवरचा 'क्षमस्व' वाचून जाणार.

त्या संध्याकाळी वहिनी भेंडी चिरत होत्या. मी ताट घेऊन तयार. दोन फोडी झाल्या आणि सुरी थांबली.

"भाऊजी, आज भाजी नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना बरं नाही. बरं नव्हतं ते मला, कारण पुढचा तासभर माझं जेवण स्टॅम्पपॅडवर चाललं होतं. पहिलीच्या पोरांना शिकवतात तेच ठसेकाम. भेंडी आडवी कापली की पाकळ्यांचं फूल, बटाट्यात कोरलेली दोन पानं, आणि खाली देशाचं नाव गाजरात, उलट्या अक्षरांनी. गाजर तीनदा मोडलं. ते मात्र मी खाल्लं.

मंगळवारी सकाळी साहेबांनी ठसा पाहिला. "हे कोणतं फूल?"

"फूल," वहिनी म्हणाल्या.

दहा माणसं थांबली, मग पन्नास. भेंडी दुपारपर्यंत सुकते, म्हणून वहिनी नवी कापायच्या, आणि नव्या भेंडीचा ठसा थोडा वेगळा उठायचा. हे लोकांच्या लक्षात आलं आणि संपलंच. 'आजच्यापुरतं' म्हटलं की जपानी माणूस काहीही घेतो. बुधवारी रांग दोन मोठ्या देशांच्या मंडपांपुढून वळसा घालून गेली. त्या देशांनी नाचणाऱ्या मुली आणल्या होत्या. एका आजोबांनी फुलाचं नाव विचारलं. साहेब कोंडीत सापडले आणि म्हणाले, "आमचं राष्ट्रीय फूल." पाटीही लागली. कनात उघडीच राहिली.

गुरुवारी मी खास रजा काढून गेलो. मंत्री आले, रांग पाहून फुलले आणि माइक हातात घेऊन त्यांनी त्या फुलाविषयी पाच मिनिटं भाषण केलं. लहानपणी आजी ते केसांत माळायची म्हणे. मी हसू आवरायला खाली वाकून बुटाची नाडी बांधली. माझ्या बुटाला नाडी नव्हती. सबंध जपानला आपण भेंडी चिकटवली, या विचाराने मला कोण आनंद झाला होता!

तेवढ्यात ओवीचा वर्ग आला. रांगेत ओवी सातवी. वहिनींनी घाईने नवी भेंडी कापली. ओळख दाखवते की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शाळेच्या फाटकाशीही ओवी त्यांना चार पावलं मागे राहायला सांगायची.

पोरगी टेबलापाशी आली. ठसा पाहिला, आईकडे पाहिलं, मग मागे वळून आपल्या बाईंना खणखणीत जपानीत म्हणाली, "ही माझी आई. ती चित्रकलेची शिक्षिका आहे. हे तिने कोरलंय."

साऱ्या वर्गाने 'सुगोई' म्हणून कौतुक केलं. मग ओवी टेबलावर वाकली. मंत्री आईच्या खांद्यामागेच उभे होते, म्हणून असेल, चारचौघांत तिने तोंडातून मराठी काढली. मी तरी तिच्याकडून ती पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आई, ही भेंडी आहे. सगळ्यांना माहितेय. आम्ही बालवाडीत करायचो. रांगेतल्या सगळ्यांनी केलंय." आणि मग हळूच, "कोणी नाही सांगणार."

मी रांगेकडे पाहिलं. दीडशे माणसं पुस्तिका धरून शांत उभी होती. एकाच्याही चेहऱ्यावर काही नाही.

"मुलगी काय म्हणाली?" मंत्र्यांनी उत्सुकतेने विचारलं.

वहिनींनी तोंड उघडायच्या आत ओवीनेच इंग्रजीत उत्तर दिलं, "दोन ठसे मिळतील का, विचारत होते."

मंत्री म्हणाले, अवश्य. पहिला ठसा नेटका उठला. दुसऱ्या वेळी वहिनींना डोळ्यांतल्या पाण्यामुळे चौकोन दिसेना, आणि तो निम्मा चौकोनाबाहेर पडला. ओवीने त्यावर फुंकर घालून तो वाळवला आणि पुस्तिका दप्तरात ठेवली.